सतरा नंबरचा प्लॉट

"तुला प्लॉट दाखवायला ठेवलंय. घ्यायला नाही."

दादा हे बोलले तेव्हा साईट ऑफिसात भरपूर माणसं होती. दादा स्वतः, म्हणजे लेआऊटचे मालक. त्यांचा पुतण्या. बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि त्यांच्या काकू, प्लॉट बघायला आलेले. चहाची मावशी. आणि मी. रविवारची सकाळ होती. म्हसरूळ ओलांडून दिंडोरी रोडनं पुढे गेलं की आतल्या अंगाला आमची साईट. पत्र्याचं ऑफिस, भिंतीवर लेआऊटचा मोठा नकाशा.

मी फॉर्म भरून टेबलावर ठेवला होता. म्हटलं, "दादा, सतरा नंबर मी घेते."

दादांनी फॉर्म उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. नाव. वय. नोकरी. मग 'मूळ गाव' आलं. तिथं थांबले. काकांकडे बघून म्हणाले, "तालुका सुरगाणा. बघा काका, आमची मॅडम डोंगरातून उतरली ती डायरेक्ट प्लॉटवर बसली."

पुतण्या फिदीफिदी हसला. काका हसले. काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली. कशाला, देव जाणे. मी काय त्यांची पर्स पळवणार होते?

"अगं, एक आदिवासी नाव लेआऊटात शिरलं ना, की बाकीचे प्लॉट कोण घेतं? तुला कळायला नको? चार वर्षं काय केलंस इथं?" असं म्हणून दादांनी ड्रॉवर उघडला. टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यातली एक लाल टिकली नकाशावर सतरा नंबरला चिकटवली. माझ्या डोळ्यांदेखत.

"सतरा बुक झाला. जा, काकांना बावीस दाखव."

आणि मी गेले. उन्हात पुढे पुढे चालत गेले. बावीस नंबर दाखवला. पूर्वमुखी आहे, समोर नऊ मीटरचा रस्ता आहे, सगळं पाठ केलेलं बोलले. आवाजसुद्धा कापला नाही. त्या अपमानापेक्षा मला माझ्या त्या न कापलेल्या आवाजाची जास्त लाज वाटते.

टिकल्यांचं सांगते. ती युक्ती माझीच.

लेआऊटात जो प्लॉट विकला जाईल त्यावर नकाशात खूण करायची असते. आधी दादा स्केचपेनानं लाल गोल करायचे. एखादा सौदा फिसकटला की नकाशा खराब. मी म्हटलं, दादा, टिकल्या लावू. लावता येतात, काढता येतात. दादा खूश. म्हणाले, पोरगी डोक्यानं तेज आहे. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा.

मग हळूहळू कळलं की काढता येतात याचा दुसराही उपयोग आहे. कोणी प्लॉट बघायला आलं की आधी फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्म दादांकडे न्यायचा. दादा फक्त दोन रकाने बघायचे, आडनाव आणि मूळ गाव. मान हलली तर साईट दाखवायची. नाही हलली तर मी आत जाऊन नकाशावर टिकली लावायची आणि बाहेर येऊन सांगायचं, "सॉरी हं, तो बुक झालाय." ते निघून गेले की टिकली काढायची.

आणि ज्यांना प्लॉट द्यायचा ते हमखास विचारायचे, "मॅडम, शेजारी कोण कोण आहे?" मी काय सांगायचे? "सगळी आपलीच माणसं आहेत, काका. काळजीच नको." आपलीच माणसं! माझ्याच तोंडानं!

एकदा पेठ तालुक्यातलं एक जोडपं आलं होतं. दोघंही शाळेत शिक्षक. बाईंच्या कडेवर लेकरू. त्यांनी मला ओळखलं. आडनावावरून नाही, बोलण्यातल्या हेलावरून. ताई म्हणाली, "तू आपल्याकडचीच ना? बरं झालं बाई, कोणी तरी आहे इथं." मी आत गेले आणि टिकली लावली. बाहेर येऊन तेच वाक्य म्हटलं. तिनं नकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघाली. मी त्या दिवशी घरी जाऊन नेहमीसारखी जेवले. हे लिहिताना मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

तर सतरा नंबर. तो प्लॉट कोणालाच नको होता, हे आधी समजून घ्या. समोरून रुंद, मागे निमुळता. वास्तुशास्त्रवाले त्याला व्याघ्रमुखी म्हणतात. घरात टिकाव लागत नाही म्हणे, कर्त्या माणसाला खातो म्हणे. वरून दक्षिणमुखी. वर्षभर मी तो शंभर जणांना दाखवला असेल. लोक पायसुद्धा आत टाकायचे नाहीत. मला मनातून हसू यायचं. आमच्या पाड्याच्या वेशीवर वाघदेव असतो. लाकडावर कोरलेला वाघ, नाग, चंद्र, सूर्य. वाघबारशीला आम्ही त्याच्यापुढे नारळ फोडतो, गुरं सांभाळ म्हणतो. वाघाला भिऊन जागा सोडायची ही काय रीत?

एका दुपारी मी आईला घेऊन आले. आईनं सगळा प्लॉट पायांनी मोजला. मागच्या निमुळत्या टोकाला उकिडवी बसली. माती हातात घेऊन चोळली. म्हणाली, "इथं चूल. हितून वारा येतोय." एवढंच. पण आईला असं काही मागताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दर दिवाळीनंतर जीपच्या टपावर बसून ती द्राक्षबागांत कामाला उतरायची. मला वसतिगृहात टाकून शिकवलं. आता गुडघे गेलेत, म्हणून माझ्याजवळ असते. पंचवटीत आमची भाड्याची खोली. अकरा महिने झाले की मालकाचं तोंड बघायचं. सहा खोल्या बदलल्या आम्ही. एका मालकिणीनं तर विचारलं होतं, "तुम्ही उंदीर खाता का हो?" त्यांच्या घरात उंदीर इतके होते की खाऊन संपले नसते.

मला घर पाहिजे होतं. माझ्या नावाचं. कोणी उठ म्हणणार नाही असं. बस.

टिकली लागली त्या रविवारनंतर मी नोकरी सोडली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही सोडली. दोन महिने तशीच जात राहिले. भाडं कोण भरणार? दादा ग्राहकांसमोर मॅडम म्हणायचे, ग्राहक गेले की "ए". मी ओ द्यायचे.

दोन महिन्यांनी दादा अचानक गोड झाले. "ताई, उद्या दुपारी घरी ये जेवायला." चार वर्षांत दादांच्या बंगल्याचं फाटक मी बाहेरूनच पाहिलेलं. गेले. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, ताटाभोवती रांगोळी काढली होती! श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. "घे गं, लाजू नको, आपलंच घर आहे." मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. एवढी आरती ओवाळतात ती बोकडालाच.

जेवण झालं. दादांनी एक सातबारा पुढे ठेवला. पेठ रोडला डोंगराच्या पायथ्याची जमीन. मालक एक म्हातारा, आमच्यातलाच, कोकणा आदिवासी. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला अशी सरळ घेता येत नाही, कलेक्टरची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. आदिवासीनं घेतली तर अडचण नाही.

"नाव तुझं राहील," दादा म्हणाले, "बाकी सगळं माझं. तू फक्त सही कर आणि जातीचा दाखला दे. पुढं रस्ता होतोय तिथून. नंतर काय ते मी बघून घेतो."

मी सातबारा हातात घेतला.

"आणि सतरा नंबर तुझा. खरंच सांगतोय. बांध घर. फक्त कागद पुतण्याच्या नावावर राहू दे. नाहीतर सातबाऱ्यावर आदिवासीची जमीन म्हणून शेरा बसतो, पुढं कोणाला विकता येत नाही, मग लेआऊटाचा भाव पडतो. तुला राहायचंच आहे ना? रहा की जन्मभर. कोण काढतंय तुला?"

नीट ऐका हं. त्यांना जमीन पाहिजे तर नाव माझं चालतं. मला जमीन पाहिजे तर माझं नाव चालत नाही. जात तीच, मी तीच. डोंगराजवळ माझं नाव म्हणजे चावी. शहराजवळ आलं की तेच नाव म्हणजे रोग.

हे मला तिथं, त्या ताटासमोर कळलं. आणि कळूनही मी हो म्हटलं.

का म्हटलं? आईची चूल दिसत होती मला. तेवढंच दिसत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आईनं एकच विचारलं, "ज्याची जमीन हाय, तो कुठं जायचा?"

मी खेकसले तिच्यावर. "तुला घर पाहिजे का नको? का मेल्यावर मिळेल म्हणतेस?" आई भिंतीकडं तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी मी दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या.

खरेदीखताचा दिवस. रजिस्ट्री ऑफिसाबाहेर ही गर्दी. लिंबाखाली बाकडं होतं, त्यावर म्हातारा बसला होता. स्वच्छ धुतलेली टोपी, पायात नवी चप्पल. शेजारी त्याची म्हातारी. दादांनी त्याला सांगितलेलं, घेणारी तुमच्याच जातीची मुलगी आहे, सरकारी नोकरीत आहे. खोटं. दादा दस्तलेखकाकडे गेले तसा म्हातारा सरकून माझ्याजवळ आला.

"बाय, कोणता पाडा तुझा?"

सांगितला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाला, "बरं झालं. दुसऱ्याला दिली नसती मी. लेकाच्या दवाखान्यापायी इकावी लागते. पण आपल्याच पोरीकडं राहते म्हणल्यावर जीवाला बरं वाटतं."

मी मान हलवली. नुसती हलवली.

मग म्हातारी पुढे वाकली. हळूच म्हणाली, "बाय, बांधाला आपला वाघदेव आहा. काढू नको हां त्याला. वाघबारशीला आम्ही आलो तर येऊ देशील ना? नारळ फोडू अन् लगेच जाऊ. जास्त येळ नाय बसायचो."

ती मला विचारत होती. स्वतःच्या देवाजवळ जायची परवानगी. हात जोडून. मला!

आणि मला माहीत होतं तिथं काय होणार. मी चार वर्षं तेच तर पाहिलंय. जेसीबी येतो, बांध सपाट करतो, चुन्याची फक्की टाकून प्लॉटचे चौकोन पाडतात. वाघदेवाचं लाकूड चुलीत जाणार. मग कुठलीतरी माझ्यासारखीच पोरगी तिथं उभी राहून म्हणणार, सगळी आपलीच माणसं आहेत, काका.

"येऊ देशील ना गं?" म्हातारीनं परत विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं माझं? एक अक्षर. पण जीभ उचललीच नाही. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

आत साहेब, कॉम्प्युटर, अंगठ्याचं यंत्र, कॅमेरा. म्हाताऱ्याचा अंगठा उमटेना. कष्टाच्या अंगठ्यावर रेषा राहत नाहीत. त्यानं तो टोपीला पुसला, परत लावला. दादा माझ्या मागे उभे होते, अंगाला अत्तराचा वास.

साहेबांनी न बघता विचारलं, "खरेदी घेणार तुम्हीच ना? व्यवहार मान्य आहे?"

मी म्हणाले, "नाही."

साहेबांनी वर पाहिलं.

"साहेब, ही जमीन मी घेत नाहीये. पैसे यांचे आहेत. नाव माझं वापरतायत. मला हे मान्य नाही, असं लिहून घ्या."

कोणीतरी मागं "आयला" म्हणालं.  साहेबांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "दस्त होणार नाही," म्हणाले, "पुढचा नंबर."

बाहेर आल्यावर दादांनी माझा दंड धरला. भर आवारात. "डोकं फिरलं का गं तुझं? जंगलातून आणून माणसांत बसवलं तुला. खाल्ल्या ताटात हागलीस!"

मी दंड सोडवला. पहिल्यांदा मी त्यांना दादा म्हटलं नाही. म्हटलं, "ताट तुम्ही वाढलं होतं ते माझ्या दाखल्याला. मला नाही."

"नाशकात तुला कोण प्लॉट देतो ते बघतोच मी!"

"बघा."

एवढ्यावर संपलं असतं तर मी शूर ठरले असते. पण म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.  "माझा सौदा मोडलास तू. माझं पोरगं दवाखान्यात पडलंय. तुझं काय वाईट केलं होतं मी?" त्याच्या तोंडची थुंकी माझ्या गालावर उडाली. मी पुसली नाही. त्याला सगळं सांगितलं. जमीन माझ्याकडं राहणार नव्हती. बांध राहणार नव्हता. वाघदेव राहणार नव्हता. सगळं सांगितलं, आमच्या बोलीत, जी मी चार वर्षं घराबाहेर तोंडातून काढली नव्हती. म्हातारी मटकन खाली बसली. म्हातारा म्हणाला, "मग आता मी काय करू?"   त्याचा मुलगा सरकारी दवाखान्यात आहे, मी जाऊन बघून येते. म्हातारा माझ्याशी अजून बोलत नाही. नाही तर नाही. जमीन त्याच्याच नावावर आहे.

नोकरी गेली. सध्या नाशकातच, द्वारका चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. पहिला अर्ज मी तिथं माझाच टाईप केला, कलेक्टर ऑफिसला द्यायला. आदिवासींची जमीन अशी नावं वापरून कशी घेतात, मला माहीत असलेलं सगळं. माझ्या आधी ज्यांच्या नावावर दादांनी जमिनी घेतल्या तो ड्रायव्हर, ती भांडीवाली, सगळं. आणि चार वर्षं फॉर्मातलं गाव बघून लोकांना कसं परत पाठवलं तेही. त्यात मी कोण होते तेही. दुकानदार म्हणाला, "अहो, स्वतःविरुद्ध कशाला लिहिता? तेवढं गाळा ना." मी गाळलं नाही. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे.

अर्जाची सुनावणी लागली. तशी परवा वहिनी आल्या, आमच्या खोलीवर. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून, साडी सावरत, चिखल चुकवत. आईनं चटई टाकली. त्या बसल्या नाहीत.

पिशवीतून एक कागद काढला. सतरा नंबरचं खरेदीखत, तयार करून आणलेलं. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. पुतण्याचं नाही. माझं, पूर्ण, आडनावासकट.

"हे म्हणाले, सही झालेली आहे त्यांची. तू अर्ज मागं घे. उद्या रजिस्ट्री करून देतो. तुझ्याच नावावर. शेरा बसला तर बसू दे म्हणाले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुलाही घरच पाहिजे होतं ना गं? मग आता अडलंय कुठं?"

मी तो कागद हातात घेतला. खोटं कशाला बोलू? दोनदा वाचला. चतुःसीमा वाचल्या. पूर्वेला अठरा नंबर, दक्षिणेला रस्ता. माझं नाव असं छापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. 

आईकडं पाहिलं. ती वहिनींच्या पायांकडं बघत होती, चटईच्या बाहेर उभ्या असलेल्या. ती म्हणाली, "दे परत."

मी कागदाची घडी घातली आणि तो वहिनींच्या हातात दिला.

"वहिनी, घर मला आजही पाहिजे. पण ह्या कागदाची किंमत म्हणजे म्हाताऱ्याची जमीन, त्या भांडीवालीचं वापरलेलं नाव. त्यावर मी चूल मांडणार नाही. अर्ज मागे घेत नाही. सुनावणीला मी येणार, त्यांनाही यायला सांगा."

"मूर्ख आहेस," वहिनी म्हणाल्या. "असा चान्स परत येत नाही. भाड्याच्या खोलीत मरशील."

"मरेन. नाहीतर घेईन. ह्याच नाशकात घेईन, माझ्या नावावर, शेरा बसवून. मी विकायला घेत नाही वहिनी, राहायला घेतेय. भाव तुमचा पडतो, माझा नाही."

त्या गेल्या. आईनं चटई गुंडाळली. सुनावणी सोमवारी अकरा वाजता आहे. मी दुकानदाराकडून सुट्टी घेतली आहे. बोलायचं काय ते पाठ केलेलं नाही. पहिल्यापासून सांगणार, आणि दादांना समोर बसवून सांगणार.